पाऊस लागला की आईची बोटं वळतात: शरीराला खरंच आठवण राहते का?

चिपळूणच्या एका मुलीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिची आई बाजारपेठेजवळच्या घरात एकटीच होती. पहाटे पाणी शिरलं तेव्हापासून ते ओसरेपर्यंत ती पोटमाळ्यावर, छपराचा वासा धरून बसली होती. तेव्हापासून रात्री पावसाचा जोर वाढला की तिची छाती धडधडते, हातपाय गार पडतात, हाताला मुंग्या येऊन बोटं आत वळतात. ईसीजी, टूडी एको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. आई स्वतः म्हणते, "पुराचं मी कधीच विसरले, मला त्याचं काय नाय." पुण्याच्या भावानं बेसेल व्हॅन डर कोल्क या मानसोपचारतज्ज्ञाविषयी वाचलंय. त्याचं म्हणणं, आठवण आईच्या हातात साठून राहिली आहे, आणि गोव्याकडच्या तीन दिवसांच्या निवासी शिबिरात शरीरात अडकलेला आघात मोकळा करून देतात, तिथं तिला न्यावं. काका म्हणतात, पाण्यातलं काहीतरी लागलंय, देवळात गाऱ्हाणं घालून नारळ द्या. रात्री झोपेची गोळी चालू आहे. शरीरात आठवण राहते हे खरं का, शिबिराला न्यावं का, आणि गोळी बंद करावी का, असं मुलीनं विचारलंय.

सरळ उत्तरं आधी देतो. शरीराला आठवण राहते, पण ती हातात किंवा कमरेत साठून बसत नाही. ती मेंदूत आणि मज्जासंस्थेत असते. हात, छाती, पोट तिच्या हुकमानं वागतात. शिबिराला नेऊ नका. गोळी आपल्या मनानं एकाएकी थांबवू नका. आणि इतकी वर्षं गेली म्हणून आता काही होणार नाही, हे तर मनातून काढूनच टाका. तुमच्या आईंसारखे पेशंट बरे होतात.

आता कारणं. ती जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या भावानं वाचलेलं सगळं चूक नाही आणि सगळं बरोबरही नाही.

व्हॅन डर कोल्क मूळचे नेदरलँड्सचे, जन्म १९४३ चा, काम सगळं अमेरिकेत बोस्टनला. १९७८ साली ते माजी सैनिकांच्या दवाखान्यात लागले तेव्हा व्हिएतनामहून परतलेली माणसं त्यांच्यासमोर येऊ लागली. लढाई कधीच मागे पडली होती, तरी ही माणसं रात्री ओरडत उठायची, मोठा आवाज झाला की आडोसा शोधायची, बायकापोरांत बसून परकी वाटायची. या त्रासाला तोवर नीट नावही नव्हतं. आम्ही ज्याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा ताणाचा आजार, म्हणतो ते निदान अमेरिकेच्या वर्गीकरणात १९८० साली आलं. १९९४ मध्ये त्यांनी हार्वर्डच्या मानसोपचाराच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्याचा गाभा असा की, मोठ्या आघाताची आठवण गोष्टीसारखी जुळून येत नाही. ती वास, आवाज, धडधड, आखडलेले स्नायू अशा तुकड्यांनी परत येते. २०१४ साली याच विषयावरचं त्यांचं पुस्तक आलं आणि जगभर घराघरांत गेलं. तुमच्या भावापर्यंत पोचलं ते हेच असणार.

कल्पना मात्र त्यांच्याही आधीची आहे. जिनिव्हाचे डॉक्टर एदुआर क्लापारेद यांनी १९११ साली एका बाईंची हकिकत लिहिली. या बाईंची नवी आठवण टिकत नसे. डॉक्टर रोज भेटत तरी रोज नव्यानं ओळख करून द्यावी लागे. एके दिवशी क्लापारेदांनी बोटांत टाचणी लपवून हस्तांदोलन केलं. ती टोचली. थोड्या वेळानं बाई ते विसरूनही गेल्या. पुढच्या वेळी डॉक्टरांनी हात पुढे केला तर बाईंनी आपला हात झटकन मागे घेतला. का, ते त्यांना सांगता येईना. टाचणीचा प्रसंग आठवत नव्हता, पण या हातापासून जपायचं एवढं पक्कं कळलं होतं.

तेव्हा आठवणी निदान दोन जातीच्या आहेत. एक सांगता येणारी: कुठे, कधी, कोण होतं, मग काय झालं. ती जुळवायचं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. दुसरी धोक्याची खूणगाठ. तिच्यात अमिग्डला या खोलवरच्या छोट्या भागाचा मोठा वाटा असतो, आणि तिला शब्द लागत नाहीत, तारीख कळत नाही. वाडीतल्या राखणीच्या कुत्र्याला एकदा बिबट्या दिसला की पुढे पाचोळा वाजला तरी तो उठून भुंकतो. त्याला चूक म्हणता येत नाही, कारण त्याचं काम राखणीचंच आहे. तुमच्या आईंना छपरावरचा पाऊस ऐकू येतो आणि विचार सुरू व्हायच्या आत ॲड्रिनलिन सुटतं. हृदय पळायला लागतं, हातापायांच्या कातडीकडचं रक्त आवळलं जातं म्हणून हात गार, श्वास उथळ आणि भराभर. पुराचा विचार त्यांच्या मनात आलेलाही नसतो. म्हणून "मी विसरले" असं त्या म्हणतात तेव्हा खोटं बोलत नाहीत. अर्थात क्लापारेदांच्या बाईंसारखं त्यांचं झालेलं नाही. विचारलं तर त्या रात्रीचं त्यांना पुष्कळ सांगता येईल, असा माझा अंदाज आहे. तिकडे वळायचं त्या टाळतात, आणि हे टाळणंही आजाराचाच भाग आहे.

१९९६ साली व्हॅन डर कोल्क आणि स्कॉट राऊच यांच्या गटानं पीटीएसडी असलेल्या आठ जणांना त्यांच्याच आघाताचं वर्णन ऐकवून मेंदूचे स्कॅन काढले. भावनेचे आणि डोळ्यांपुढे चित्र उभं करणारे भाग पेटले. बोलण्याशी संबंध असलेला डावीकडचा ब्रोका भाग मंदावला. माणसं "तोंडातून शब्द फुटत नाही" म्हणतात त्याला काहीतरी आधार आहे, असं त्यातून दिसलं. पण आठच माणसं, हे विसरू नये. पुस्तकं वाचणारे लोक अशा छोट्या अभ्यासाला फार मोठं करून सांगतात.

आता बोटांविषयी. तुमच्या पत्रातला हाच भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. त्या रात्री आईंनी वासा घट्ट धरला होता, म्हणून पाऊस आला की हाताला ती पकड आठवते, असं तुमच्या भावाचं म्हणणं. ऐकायला पटतं. पण शरीरशास्त्रात त्याचं साधं उत्तर आहे. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, रक्ताची आम्लता बदलते, मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि नसा हुळहुळ्या होतात. आधी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, मग अंगठा तळव्यात, मनगट आत, बोटं ताठ आणि जुळलेली. ज्यांनी आयुष्यात कधी वासा धरला नाही त्यांचीही बोटं अशीच वळतात. परीक्षेच्या हॉलमध्ये घाबरलेल्या पोरांची वळतात, आणि बाळंतकळांत धापा टाकणाऱ्या बाईचीही.

म्हणून पुढच्या वेळी नीट बघा. एकच हात वळतो की दोन्ही? ओठांना मुंग्या येतात का? बोलताना वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागतो का? दोन्ही हात वळत असतील आणि ओठ बधिर होत असतील, तर ही श्वासाची करामत आहे. त्यांना जवळ बसवून "श्वास सोडा, अजून सोडा, आता थांबा" असं सावकाश करवलंत तर काही मिनिटांत बोटं सुटतील. तोंडावर प्लास्टिकची किंवा कागदाची पिशवी धरायचा जुना उपाय करू नका. त्रास हृदयाचा किंवा दम्याचा निघाला तर तो जिवावर बेतेल. आणि एकाच बाजूचा हात वळत असेल, बोलणं जड होत असेल, किंवा छातीत दाब येऊन घाम फुटत असेल, तर आठवणी-बिठवणी बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा. मागचा ईसीजी नॉर्मल होता म्हणून आजचाही नॉर्मल असेलच असं नाही.

बधिरपणाचं थोडं वेगळं आहे. १९९० मध्ये रॉजर पिटमन आणि व्हॅन डर कोल्क यांच्या गटानं पीटीएसडी असलेल्या माजी सैनिकांना युद्धाची दृश्यं दाखवली. त्यांना वेदना कमी जाणवू लागल्या, आणि अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारं नॅलोक्सोन दिल्यावर तो फरक दिसेना. म्हणजे भीतीच्या क्षणी शरीर आपल्याआपण वेदनाशामक सोडतं. काही पेशंट सांगतात, "त्या वेळी अंगच माझं वाटत नाही." त्याची एक बाजू हीसुद्धा असू शकते.

पाऊस तर कोकणात चार महिने असतो, मग एवढ्याच रात्री का? भीती पुसली जात नाही. "इथे आता धोका नाही" हे नवं शिक्षण जुन्याच्या शेजारी जमा होतं. आणि हे नवं शिक्षण जिथे शिकलं तिथेच चांगलं चालतं. दिवसा, माणसांत, रिमझिमीत तुमच्या आईंनी ते शिकलेलं आहे. रात्र, एकटेपण, छपरावरचा जोराचा आवाज आणि अंधार हे चारही जुळून आले की जुनी खूण जिंकते. उपचारही त्याच जागी न्यावे लागतात, एसी खोलीत बसून तेवढं भागत नाही, ते यामुळे.

शरीराच्या आठवणीची ही कल्पना जिथे घसरते ते आता सांगतो, कारण तिथे मी तुमच्या भावाशी अजिबात सहमत नाही. शरीराला होणारा त्रास खरा असतो, पण तो कुठल्या घटनेची साक्ष नसतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत हे उलटं धरलं गेलं. पोटात दुखतं, झोप नाही, स्पर्श नको वाटतो, म्हणजे लहानपणी काहीतरी झालंच असणार, असं गृहीत धरून संमोहनाखाली आणि सूचक प्रश्नांनी "दडलेल्या आठवणी" उकरण्यात आल्या. घरं मोडली, खटले उभे राहिले. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगांनी दाखवून दिलं की न घडलेल्या प्रसंगाची आठवण माणसाच्या मनात पेरता येते आणि ती त्याला खरीच वाटते. हार्वर्डच्या रिचर्ड मॅकनॅली यांनी व्हॅन डर कोल्क यांच्यावर याच मुद्द्यावर कडक टीका केली: आघात झालेल्या माणसांचा मुख्य त्रास बहुधा हा की त्यांना विसरताच येत नाही. मला मॅकनॅलींचं म्हणणं पेशंटच्या अनुभवाशी जास्त जुळणारं वाटतं. म्हणून कोणी तुमच्या आईंच्या पाठीवर हात ठेवून "इथे तुमच्या आईचं दुःख आहे", "मांडीच्या स्नायूत बालपण अडकलंय" असं सांगू लागला, तर तिथून उठून या. स्नायू आखडतात, दुखतात, मालिशनं सैलही होतात. प्रसंग मात्र त्यांत साठत नाहीत.

उपचारांकडे येतो. व्हॅन डर कोल्क यांनी गोळ्या आणि बोलणं यांपलीकडचे बरेच उपाय उचलून धरले. ते एकाच मापानं मोजू नयेत.

त्यातल्या ईएमडीआरवर, म्हणजे आठवण मनात धरून डोळे डावीउजवीकडे फिरवण्याच्या उपचारावर, माझा विश्वास आहे. फ्रान्सीन शापिरो यांनी तो १९८० च्या दशकाच्या शेवटी मांडला तेव्हा पुष्कळांनी हसण्यावारी नेला. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पीटीएसडीसाठी शिफारस केलेल्या मोजक्या उपचारांत तो होता. बाहेरून तो विचित्रच दिसतो. कोकण किनाऱ्यावरच्या एका खलाशाचं उदाहरण, तपशील बदलून, सांगतो. वादळात होडी उलटली होती. पुढे त्याला धक्क्यावर उभं राहणंही जमेना. डिझेलचा वास आला की ओकारी. सत्रात त्यानं एकच चित्र मनात धरायचं होतं, नाकातोंडात पाणी जातानाचं. त्रास किती, शून्य ते दहा? "धा." मग थेरपिस्टची दोन बोटं डोळ्यांसमोर डावीउजवीकडे फिरतात, अर्ध्या मिनिटाच्या आसपास, आणि त्यामागे त्याची नजर. थांबायचं. आता काय आलं? "पाणी." पुन्हा बोटं. "डिझेल." पुन्हा. "माझा भाव हाका मारतोय." पुन्हा, आणि आता तळहात चोळत, "दोर. दोर टाकला त्यांनी. हात सोलला." तोवर त्याच्या आठवणीत तो कायम बुडतच होता, दोर मिळाला होता, हे माहीत असूनही आठवणीच्या त्या तुकड्याला ते ठाऊक नव्हतं. शेवटी डोक्यापासून पायापर्यंत अंग चाचपायला सांगतात, कुठे काही आवळलंय का म्हणून. नंतर तो धक्क्यावर गेला, पुढे होडीवरही. डोळे हलवल्यानंच हे होतं का, यावर अजून वाद आहे. आठवण मनात धरताना दुसरं काम करावं लागलं की तिची धार कमी होते, हे स्पष्टीकरण मला पटतं.

व्हॅन डर कोल्क यांच्या २००७ च्या अभ्यासात ८८ जणांना आठ आठवड्यांसाठी ईएमडीआर, फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी किंवा नुसती दिसायला सारखी, औषध नसलेली गोळी दिली होती. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा ईएमडीआर घेतलेल्यांपैकी ज्यांचा आघात मोठेपणीचा होता त्यांतले ७५ टक्के लक्षणमुक्त होते. लहानपणीचा आघात असलेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के. गोळीच्या गटात कोणीच नाही. यावरून गोळ्या कुचकामी असं मात्र म्हणू नका. त्या गटाची गोळी आठ आठवड्यांनंतर थांबवली होती, आणि इतक्या लवकर थांबवली की त्रास परततो हे आम्हाला रोज दिसतं. तुमच्या आईंच्या दृष्टीनं कामाची गोष्ट ही की त्यांचा आघात मोठेपणीचा, एकाच घटनेचा आहे. अशांना गुण चांगला येतो. ईएमडीआर शिकलेला माणूस जवळ मिळाला नाही तर आघातावर केंद्रित बोलण्याचा उपचार, म्हणजे ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी, तितकाच भरवशाचा आहे. दोन्ही ऑनलाइनही होतात, फक्त पहिली भेट प्रत्यक्ष झालेली बरी.

योगासनांचा अभ्यास त्यांनी २०१४ मध्ये केला. बरेच उपचार करूनही पीटीएसडी न गेलेल्या ६४ स्त्रिया, आठवड्यातून एक तास, दहा आठवडे. योग करणाऱ्या ३१ पैकी १६ जणी शेवटी निदानाच्या निकषांतून बाहेर आल्या. आरोग्याची माहिती देणाऱ्या वर्गातल्या २९ पैकी ६ जणी. हे चांगलं आहे, जोडीचा उपाय म्हणून. पण तो योग आपल्या सकाळच्या वर्गासारखा नव्हता. शिक्षक अंगाला हात लावत नाहीत. "डोळे मिटा" असा हुकूम नसतो. मिटावेसे वाटले तर मिटा, असं असतं. कुठलंही आसन कधीही सोडता येतं. आघात झालेल्या माणसाला डोळे मिटून शवासनात पडवलं की पुष्कळदा तिथेच धडधड सुरू होते, कारण आडवं, निःशब्द, काही न करता पडून राहणं हेच त्याला नको असतं. कपालभाती, भस्त्रिकेनं तर भराभर श्वास होऊन बोटं वळायची तीच साखळी सुरू होईल. तुमच्या आईंनी खुर्चीवर ताठ बसावं, डोळे उघडे, पाय लादीवर टेकलेले, श्वास घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ. दिवसातून दोनदा, पाऊस नसतानाही. त्रास सुरू झाल्यावर पहिल्यांदा करायला गेलात तर जमणार नाही.

न्यूरोफीडबॅकमध्ये डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी पडद्यावर दाखवतात आणि त्या बदलायला शिकवतात. २०१६ च्या त्यांच्या अभ्यासात ५२ लोक होते आणि तुलना नुसत्या वाट पाहणाऱ्यांशी होती. खर्चीक आहे. आत्ता तुम्ही त्याच्या मागे लागू नका. एमडीएमए या अमली पदार्थाच्या साहाय्यानं केलेल्या उपचारांवरही त्यांनी काम केलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला मंजुरी नाकारली, आणि आपल्याकडे तो पदार्थ बाळगणं हाच गुन्हा आहे. किनाऱ्यावरच्या शिबिरांत "औषधी वनस्पती" किंवा "एक छोटा डोस" असं काही पुढे आलं तर सरळ नाही म्हणा.

शिबिराला माझा विरोध का, तेही सांगतो. तीन दिवस, अनोळखी लोक, ढोलांच्या तालावर भराभर श्वास, रडायला-किंचाळायला लावणं, आणि चौथ्या दिवशी घरी. आईंची पूर्वीची प्रकृती कोणी विचारत नाही, त्रास वाढला तर फोन कोणाला करायचा ते ठरलेलं नसतं. जोरात रडलं की आत साठलेलं वाहून जातं, ही समजूत लोकप्रिय आहे; आघातानंतर घाईघाईनं सगळ्यांना एकदाच सगळं बोलायला लावणाऱ्या बैठकांनी पुढचा पीटीएसडी टळत नाही, हे मात्र अनेक अभ्यासांत दिसून आलंय. चांगला उपचार आधी थांबायला शिकवतो, मग आठवणीकडे नेतो. आणि पहिल्याच दिवशी सगळे पैसे मागत नाही.

काकांशी भांडू नका. देवळात गाऱ्हाणं घातलं, नारळ दिला, आईंना बरं वाटलं तर त्यात माझी काही हरकत नाही. आपली इतकी माणसं पाठीशी आहेत, हे भेदरलेल्या माणसाला कळणं मोलाचं असतं. सीमा एवढीच की गोळ्या बंद करायला लावणं, उपाशी ठेवणं, धुरी देणं, मारणं हे होऊ द्यायचं नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आणि "लागलंय" हा शब्द आईंच्या समोर नको. आधीच पाण्याला घाबरलेल्या बाईला, त्या पाण्यातलं काही आपल्या अंगात आहे, असं वाटू देऊ नये.

तुम्ही पत्रात एक ओळ ओझरती लिहिली आहे, की पुरापासून आई भजनाला जात नाही आणि गौरी-गणपतीत फुगडीलाही उठत नाही. मी ही ओळ पुन्हा पुन्हा वाचली. एकत्र गाणं, नाटक, ताल यांनी आघातातून सावरायला मदत होते, असं व्हॅन डर कोल्क आग्रहानं मांडतात. त्याचे पुरावे ईएमडीआरइतके भक्कम नाहीत, पण इथे मी त्यांच्या बाजूचा आहे. भजनात लांब ओळ म्हणताना श्वास आपोआप सावकाश सुटतो. फुगडीत समोरच्या बाईचे हात धरून आपला तोल तिच्यावर टाकावा लागतो. ज्या बाईनं एक अख्खी रात्र एकटीनं वासा धरून काढली, तिच्यासाठी हे छोटं नाही. लगेच फुगडी नको. आधी भजनाला जाऊन मागे बसू दे, नुसत्या टाळ्या वाजवू दे. मंडळातल्या एखाद्या बाईला सांगा, त्यांना बोलवायला घरी या. "ये" म्हणून निरोप पाठवण्यानं त्या जाणार नाहीत.

गोळीविषयी. पाकिटावर अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम असं काही लिहिलं असेल तर ती बेन्झोडायझेपिन गटातली गोळी आहे. पीटीएसडीवर तिचा उपयोग नाही. झोप आणते, पण सवय लावते, म्हातारपणी पडझड वाढवते, आणि भीतीचं नवं शिक्षण होतं त्यात अडथळा आणण्याचीही शक्यता असते. एकाएकी थांबवली तर झोप उडते, थरथर सुटते, क्वचित फिटही येते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे, लागलंच तर काही महिने घेऊन, थोडीथोडी उतरवायची. गरज पडली तर सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची गोळी त्याआधी सुरू करता येते. तिला गुण यायला काही आठवडे लागतात.

आणि एक गोष्ट बोस्टनच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. हे सगळे उपचार धोका संपलेला आहे असं धरून चालतात. चिपळूणचा धोका संपलेला नाही. वाशिष्ठी नदीचं पाणी २००५ साली आलं, २०२१ साली आलं. तालुक्यातलं तिवरे धरण २०१९ मध्ये फुटलं, महाडकडच्या तळीयेची दरड चिपळूणच्या पुराच्याच दिवशी कोसळली. "आता काही होत नाही, घाबरू नको" असं आईंना सांगू नका. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यापेक्षा मे महिन्यातच त्यांना बरोबर घेऊन सगळं ठरवा: पाणी कुठल्या खुणेपर्यंत आलं की घर सोडायचं, वरच्या अंगाला कोणाकडे जायचं, कोण न्यायला येणार, कागदपत्रं, गोळ्या, टॉर्च, चार्जर कुठे. एकदा चालत जाऊन या. जुलैच्या रात्री त्यांना एकटं ठेवू नका, निदान या वर्षी. व्हॉट्सअॅपवरच्या दर तासाच्या पाणीपातळीच्या मेसेजांपासून त्यांचा फोन मोकळा करा. बघायचं काम घरातल्या एकानं घ्यावं आणि गरज असेल तेव्हाच सांगावं. खरा इशारा आणि नुसता पाऊस यांत फरक करता आला पाहिजे. उपचारात आपल्याला मिळवायचं आहे ते एवढंच. पाण्याची भीती पूर्ण गेलेली चिपळूणची बाई मला नको आहे.

सुरुवात पाऊस थांबल्यावर करा. दिवाळीनंतर आठ-दहा सत्रांचा उपचार घेतला तर मृगाच्या आत सराव करायला वेळ मिळतो: आधी दिवसा मोबाईलवर पावसाचा आवाज, मग संध्याकाळी, मग वळवाच्या सरीत पडवीत बसणं, हे सगळं थेरपिस्टनं आखून दिलेल्या क्रमानं. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. नावाला बिचकू नका, असे पेशंट तिथे रोज येतात. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलतात. पहिल्या भेटीला येताना जुने ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणा. हिमोग्लोबिन, बी-१२, साखर तपासली नसेल तर आधी करून घ्या. आणि आईंना सांगून आणा की मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जातोय. "छातीच्या डॉक्टरांकडे" म्हणून फसवून आणलेला पेशंट दुसऱ्यांदा येत नाही.